उष्टी हवा आणि चहाची सुट्टी

२९ फेब्रुवारी २०२०, शनिवार. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात भौतिकशास्त्रज्ञांची वर्दळ सुरू झाली होती. ‘अमेरिकन फिजिकल सोसायटी’ची ‘मार्च मीटिंग’ सोमवारी, २ मार्चला भरायची होती. दहा हजारांहून अधिक संशोधक, प्राध्यापक आणि विद्यार्थी येणार होते. कुणी हॉटेलात सामान टाकून गावात फेरफटका मारत होतं, कुणी विमानात होतं, कुणी पोस्टरची गुंडाळी नळीत घालून विमानतळावरच्या रांगेत उभं होतं. पीएच.डी. संपत आलेल्या कितीतरी मुलांसाठी नोकरी देऊ शकणाऱ्यांना भेटायची ही वर्षातली मोठी संधी. त्या रात्री संयोजकांचा ईमेल आला. परिषद रद्द झाली होती आणि ती सुरू व्हायला जेमतेम दीड दिवस उरला होता.

अमेरिकेत तोवर कोविडच्या नोंदलेल्या रुग्णांनी शंभरीही गाठली नव्हती. देशातला पहिला मृत्यू जाहीर झाला तो नेमका त्याच शनिवारी. त्यामुळे हा निर्णय अनेकांना अतिरेकी वाटला असणार. पण त्याच आठवड्यात, डेन्व्हरपासून दूर बोस्टनमध्ये, एक छोटी परिषद सुखरूप पार पडल्यासारखी दिसत होती. ‘बायोजेन’ या औषध कंपनीच्या सुमारे १७५ व्यवस्थापकांची ती बैठक. २६ आणि २७ फेब्रुवारी असे दोन दिवस, बंदराकाठचं हॉटेल, हस्तांदोलनं, एकत्र न्याहारी, एकत्र जेवण. जगावेगळं तिथे काही घडलं नाही. मंडळी आपापल्या गावी परतली आणि पुढच्या काही दिवसांत एकेकाला ताप येऊ लागला.

या बैठकीतून पसरलेल्या विषाणूच्या जनुकीय साखळीत एक खास खूण होती. तिच्या आधारे संशोधकांनी त्याचा माग काढला. ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, १ नोव्हेंबर २०२० पर्यंत अमेरिकेतल्या सुमारे तीन लाख रुग्णांचा धागा या दोन दिवसांशी जोडता येत होता.

परिषद भरवणाऱ्या प्रत्येकासमोर या दोन घटनांनी एकच पेच उभा केला. माणसं परिषदेला जातात ती भाषणं ऐकायला कमी आणि भेटायला जास्त. भाषण घरीही वाचता येतं. चहाचा कप हातात घेऊन एखाद्या ज्येष्ठाला गाठणं, जेवणाच्या टेबलावर नवा प्रकल्प जुळणं, रात्री खोलीत रंगलेल्या गप्पांतून जन्मभराची मैत्री होणं, हे घरी होत नाही. आणि विषाणूला नेमकं हेच हवं असतं: जवळ आलेली तोंडं, बराच वेळ, मोठा आवाज आणि कोंडलेली हवा. मग माणसं भेटतील, पण आजार पसरणार नाही, अशी परिषद भरवता येते का? पुढच्या तीन वर्षांत जगभरच्या संयोजकांनी आणि संशोधकांनी याचं उत्तर शोधलं. ते बरंचसं सापडलंही. मात्र शोधाची सुरुवात चुकीच्या ठिकाणी झाली होती.

फडकं, सॅनिटायझर आणि टेम्परेचर गन

२०२० च्या उन्हाळ्यात भाजी धुऊन घेतली जात होती, दुधाच्या पिशव्या पुसल्या जात होत्या, काही घरांत वर्तमानपत्रही बंद झालं होतं. पृष्ठभागावरून आणि खोकल्या-शिंकेच्या थेंबांतून आजार पसरतो, अशी सर्वसाधारण समजूत होती. पुढे सभा-समारंभांना परवानगी मिळाली तेव्हा तीच समजूत प्रवेशद्वारापाशी येऊन उभी राहिली. एक स्वयंसेवक हातावर सॅनिटायझर घालणार, दुसरा कपाळावर टेम्परेचर गन रोखणार, तिसरा वहीत आकडा लिहिणार. एवढं झालं की आत तीनशे माणसं, बंद खिडक्या, ओढलेले पडदे.

खरं तर इशारा फार लवकर मिळाला होता. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट खोऱ्यातल्या एका गायकवृंदाची १० मार्च २०२० ला तालीम झाली. ६१ जण जमले होते. दारात सॅनिटायझर होतं, गळाभेटी टाळल्या होत्या. अडीच तास गाणं झालं. त्यांतल्या एकाला सर्दीसारखी लक्षणं होती. पुढच्या काही दिवसांत ५३ जण आजारी पडले, त्यांपैकी दोघं दगावले. एवढ्या लोकांना एकाच संध्याकाळी लागण झाली, ती केवळ हाताच्या स्पर्शाने किंवा समोरच्याच्या शिंकेने झाली, हे पटण्यासारखं नव्हतं. सगळ्यांना जोडणारी गोष्ट एकच होती, त्या दालनातली हवा.

जुलै २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लिडिया मोरावस्का आणि अमेरिकेतले डोनाल्ड मिल्टन यांच्या पुढाकाराने २३९ शास्त्रज्ञांनी एक जाहीर पत्र लिहिलं. हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांवाटे हा आजार पसरतो, हे मान्य करून त्यानुसार उपाय सांगावेत, अशी त्यांची मागणी होती. सिगारेटचा धूर डोळ्यांसमोर आणला की हे कण कसे वागतात ते कळतं. मोठा थेंब मीटर-दीड मीटरवर जमिनीवर पडतो. धूर मात्र खोलीभर पसरतो आणि दार उघडेपर्यंत रेंगाळतो.

टेम्परेचर गनची अडचण आणखी वेगळी. कोविड झालेला माणूस लक्षणं दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून इतरांना आजार देऊ शकतो, आणि काहींना तर लक्षणं येतच नाहीत. ठणठणीत दिसणारा, ताप नसलेला, उत्साहाने बोलणारा प्रतिनिधी गनपुढून सहज पार होतो.

उष्टी हवा

मराठी घरात उष्ट्याचा विचार फार बारकाईने होतो. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी आपण पीत नाही, उष्ट्या हाताने वाढून घेत नाही. हवेच्या बाबतीत मात्र हे भान नसतं, कारण उष्टी हवा दिसत नाही. ती मोजता मात्र येते.

बाहेरच्या मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असतं. माणसाच्या उच्छ्वासात ते चाळीस हजारांच्या घरात जातं. त्यामुळे बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड जितका वाढतो, तितकी त्या हवेत इतरांच्या फुप्फुसांतून बाहेर आलेली हवा मिसळलेली असते. हॉलमधल्या मीटरवर १,२०० हा आकडा दिसला, तर तिथला जवळजवळ दोन टक्के श्वास उष्टा आहे. म्हणजे पन्नास वेळा श्वास घेतला की त्यातला एक आधी दुसऱ्या कुणाच्या तरी छातीत जाऊन आलेला. पावसाळ्यात खिडक्या लावून घेतलेल्या भरगच्च वर्गात हा आकडा याच्याही बराच पुढे जातो. तळहाताएवढा हा मीटर टेबलावर ठेवता येतो. महासाथीच्या काळात कितीतरी शाळांनी आणि संयोजकांनी तो विकत घेतला.

किती हवा पुरेशी? जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ च्या मार्गदर्शनात माणशी दर सेकंदाला दहा लिटर ताजी हवा सुचवली. कॉलेजच्या सभागृहाला हा हिशेब लावून बघता येतो. समजा हॉल वीस मीटर लांब, बारा मीटर रुंद आणि चार मीटर उंच आहे. आतली हवा ९६० घनमीटर. दोनशे माणसं बसली, तर तासाला ७,२०० घनमीटर ताजी हवा लागेल. म्हणजे तासाभरात हॉलमधली सगळी हवा साडेसात वेळा बदलायला हवी. माणसं शंभरच बसवली, तर पावणेचार वेळा बदलली तरी भागतं. आसनक्षमता निम्मी करण्यामागे हे गणित होतं. दोन खुर्च्यांमधलं अंतर हा त्यातला एक भाग झाला, माणशी वाट्याला येणारी हवा दुप्पट होणं हा दुसरा आणि जास्त मोलाचा.

आपल्याकडच्या सभागृहांत एक गैरसमज घट्ट बसला आहे, तो स्प्लिट एसीचा. भिंतीवरचा हा एसी खोलीतलीच हवा आत ओढतो, गार करतो आणि पुन्हा खोलीत सोडतो. बाहेरची हवा तो आणत नाही. उलट गारवा टिकावा म्हणून दारं-खिडक्या लावल्या जातात, प्रोजेक्टर नीट दिसावा म्हणून पडदे ओढले जातात आणि गार, सुखद, पूर्ण उष्टी अशी हवा तयार होते. छताचा पंखाही हवा ढवळतो, बदलत नाही. समोरासमोरच्या खिडक्या उघडून एका बाजूला हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा लावला, तर मात्र हवा खरोखर वाहती होते. दर सत्रानंतर पंधरा मिनिटं हॉल पूर्ण रिकामा ठेवून सगळी दारं सताड उघडली, तरी मीटरचा आकडा डोळ्यांदेखत उतरू लागतो.

जिथे खिडक्याच नाहीत तिथे हवा गाळून घ्यावी लागते. हेपा गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. पण हेपाची यंत्रं महाग. २०२० मध्ये अमेरिकेतले अभियांत्रिकीचे प्राध्यापक रिचर्ड कॉर्सी आणि फिल्टर बनवणारे जिम रोझेंथाल यांनी यावर घरगुती तोड काढली. चार चौकोनी गाळण्या उभ्या करून चौकट करायची, वर चौकोनी पंखा आडवा ठेवायचा, खाली पुठ्ठा लावायचा आणि सगळ्या फटी चिकटपट्टीने बंद करायच्या. पंखा चारही बाजूंनी हवा ओढतो आणि गाळलेली हवा वर सोडतो. ‘कॉर्सी-रोझेंथाल बॉक्स’ या नावाने ही पेटी अमेरिकेतल्या शाळांत पोचली आणि विद्यार्थ्यांनी ती स्वतःच्या हातांनी तयार केली.

ध्वनियोजनेचाही आरोग्याशी असाच संबंध आहे. अमेरिकेत डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये, म्हणजे महासाथीच्या आधीच, मोजून दाखवलं होतं की बोलण्याचा आवाज जितका चढतो तितके तोंडातून जास्त कण बाहेर पडतात. काही माणसं तर त्याच आवाजात इतरांच्या कितीतरी पट कण सोडतात. म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात नीट ऐकू जाईल असे स्पीकर, वक्त्याला कॉलर माइक आणि प्रश्न विचारणाऱ्यांसाठी स्टँडवरचा माइक असेल, तर कुणाला ओरडावं लागत नाही. प्रश्न विचारताना मास्क खाली ओढायची सवय असते, तीही सुटते.

गर्दीचे प्रयोग

हे सगळं कागदावर ठीक, पण प्रत्यक्ष गर्दीत काय होतं? ते तपासायला जर्मनीतल्या हाले विद्यापीठाच्या वैद्यकीय संशोधकांनी २२ ऑगस्ट २०२० ला लाइपझिगच्या बंदिस्त मैदानात गायक टिम बेंडझ्को याचा कार्यक्रमच ठेवला. चार हजार स्वयंसेवक हवे होते, त्याच्या निम्मेही आले नाहीत. जे आले त्यांची आधी चाचणी झाली, त्यांना चांगले मास्क दिले गेले, गळ्यात एक छोटं यंत्र अडकवलं. कोण कुणाजवळ किती वेळ होतं, ते या यंत्रात टिपलं जात होतं. हाताला लावायच्या सॅनिटायझरमध्ये चमकणारा पदार्थ मिसळला होता. नंतर अतिनील दिव्याखाली कुठे कुठे हात लागले ते उजळून दिसलं.

दिवसभरात तीन प्रकारे गर्दी बसवली गेली: पूर्वीसारखी, थोडी विरळ आणि एकदम विरळ. विरळ बसवताना प्रवेशद्वारांची संख्या दोनवरून आठ केली. निष्कर्ष दोन निघाले. जवळचे संपर्क कार्यक्रम चालू असताना तितके होत नव्हते, ते आत शिरताना आणि मधल्या सुट्टीत होत होते. आणि हवा खेळती नसेल, तर बाकीच्या मेहनतीवर पाणी फिरत होतं.

बार्सिलोनात १२ डिसेंबर २०२० ला पुढची पायरी गाठली गेली. एका बंदिस्त दालनातल्या संगीत कार्यक्रमासाठी सुमारे हजार इच्छुकांमधून चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड केली. काही आत गेले, काहींना घरी पाठवलं. आत गेलेल्या ४६५ जणांची त्याच दिवशी अँटिजेन चाचणी झालेली होती, तोंडावर एन-९५ मास्क होता आणि हवा खेळती ठेवली होती. आठ दिवसांनी तपासलं, तेव्हा आत गेलेल्यांपैकी एकालाही लागण झालेली नव्हती. घरी पाठवलेल्या ४९५ पैकी दोघांना झाली होती.

तिसरं उदाहरण न्यूयॉर्कचं. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथे जपानी ॲनिमेशनच्या चाहत्यांचा मेळावा झाला. तीन दिवसांत सुमारे ५३,००० माणसं आली. लस आणि मास्क बंधनकारक होते. मेळाव्याला येऊन गेलेल्या एका तरुणाला ओमायक्रॉन या विषाणूच्या नव्या प्रकाराची लागण झाल्याचं काही दिवसांत कळलं आणि मोठ्या उद्रेकाची भीती पसरली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ४,५६० जणांच्या चाचण्या मिळवून पाहिल्या. ११९ जणांना, म्हणजे २.६ टक्के लोकांना, लागण झालेली होती. मेळाव्यात आजार सर्वदूर पसरल्याचा पुरावा मिळाला नाही. ज्यांना लागण झाली होती त्यांच्यात बार, कराओके, नाइटक्लबला जाऊन आलेले आणि बंद जागेत शेजारी बसून खाल्लेले लोक जास्त होते. मास्क लावून प्रदर्शन पाहणं निभावलं. संध्याकाळी मास्क काढून एकत्र जेवणं आणि गाणं भोवलं.

लाइपझिग आणि न्यूयॉर्क या दोन्ही ठिकाणांहून एकाच जागेकडे बोट दाखवलं जात होतं. व्याख्यानाच्या वेळी माणसं एकाच दिशेला तोंड करून मुकाट बसलेली असतात. खरी मेहनत करायला हवी ती नोंदणीच्या रांगेवर, चहाच्या सुट्टीवर आणि जेवणावर.

चहा कुठे द्यायचा?

तर सुरुवात चहापासून करावी. अकरा वाजता सगळ्या दालनांतले लोक एकदम बाहेर पडून एकाच टेबलाभोवती जमतात. मास्क उतरलेला असतो, कलकलाटामुळे एकमेकांच्या कानाशी लागून मोठ्याने बोलावं लागतं. यावर उपाय साधे आहेत. सत्रं वीस-वीस मिनिटांच्या फरकाने सोडायची. चहाची एक टपरी ठेवण्याऐवजी चार ठेवायच्या आणि चारही उघड्यावर, झाडाखाली किंवा ताडपत्रीच्या मांडवात. मांडवाला छप्पर असावं, पण कनाती नकोत. कनाती चारही बाजूंनी लावल्या की मांडव पुन्हा हॉलच होतो. जून ते सप्टेंबरमध्ये परिषद असेल तर रुंद व्हरांडे असलेली जुनी इमारत नव्या वातानुकूलित सभागृहापेक्षा जास्त उपयोगी.

जेवणाचंही तसंच. बुफेमध्ये रांग असते, घुटमळणं असतं, ताट हातात घेऊन गोल करून उभं राहणं असतं. आपली जुनी पंगत या बाबतीत उजवी ठरते. मोकळ्या अंगणात पाटांच्या ओळी, माणसं जागेवर बसलेली, वाढपी मास्क लावून फिरणारे. कोण कुणाशेजारी होतं हेही लक्षात राहतं. पंगत शक्य नसेल, तर शिजवलेल्या अन्नाचे डबे हातात द्यावेत आणि सहा-सहांच्या गटाने बाहेर बसण्याची सोय करावी. परिषदेचे सगळे दिवस गट तोच राहिला, तर एखादा आजारी निघाल्यावर काळजी फक्त पाच जणांची करावी लागते.

दारातल्या रांगेसाठी लाइपझिगचा धडा आहे. नोंदणी आधीच ऑनलाइन उरकायची, ओळखपत्र पोस्टाने किंवा फोनवर पाठवायचं, पिशवी-फाइल खुर्चीवर ठेवून द्यायची आणि जितकी दारं असतील तितकी सगळी उघडायची. अँटिजेन चाचणी स्वस्त आणि झटपट असते, पण तिचा भरवसा त्या दिवसापुरता. म्हणून ती रोज सकाळी करायची. ग्लासगोला ३१ ऑक्टोबर २०२१ पासून भरलेल्या हवामान परिषदेत हीच पद्धत होती. मुख्य विभागात शिरायचं तर रोज घरूनच किंवा हॉटेलातूनच चाचणी करून निगेटिव्ह निकाल दाखवावा लागे. ज्यांना आपल्या देशात लस मिळाली नव्हती, अशा प्रतिनिधींना ती देण्याची तयारी ब्रिटन सरकारने ठेवली होती.

अनेक परिषदांत ओळखपत्राला रंगीत फीत लावायची पद्धत पडली. हिरवी म्हणजे हस्तांदोलन चालेल, पिवळी म्हणजे जवळ या पण स्पर्श नको, लाल म्हणजे अंतर राखा. घरी म्हातारे आई-वडील असणाऱ्याला किंवा केमोथेरपी घेणाऱ्याला दर वेळी कारण सांगत बसावं लागत नाही. मास्कमुळे ओठ वाचून समजून घेणाऱ्या कर्णबधिरांची मात्र कोंडी झाली. त्यांच्यासाठी पारदर्शक मास्क आणि पडद्यावर उमटणारा मजकूर ठेवणं, ही नाव नोंदवतानाच विचारायची गोष्ट आहे.

नाशिकची कसोटी

महाराष्ट्रातल्या एका मोठ्या संमेलनाला या साऱ्याचा सामना करावा लागला. ९४वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन नाशिकला २६ ते २८ मार्च २०२१ या दिवसांत ठरलं होतं. अध्यक्ष होते खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर. मार्चमध्ये दुसरी लाट उसळली आणि संमेलन पुढे ढकलावं लागलं. अखेर ३ ते ५ डिसेंबर या तारखा ठरल्या आणि स्थळ ठरलं शहराच्या कडेला, आडगावच्या भुजबळ नॉलेज सिटीच्या आवारात.

तारखा पाहिल्या की संयोजकांवरचं दडपण कळतं. २६ नोव्हेंबरला जागतिक आरोग्य संघटनेने नव्या उत्परिवर्तित विषाणूला ‘ओमायक्रॉन’ हे नाव दिलं. २७ नोव्हेंबरला राज्य सरकारचा आदेश आला: कार्यक्रमाला येणाऱ्यांचं लसीकरण पूर्ण झालेलं हवं, बंदिस्त सभागृहात पन्नास टक्के आणि मोकळ्या जागी क्षमतेच्या पंचवीस टक्के उपस्थिती, एकूण माणसं हजारावर जाणार असतील तर स्थानिक आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला आधी कळवायचं. २ डिसेंबरला भारतातले पहिले ओमायक्रॉन रुग्ण कर्नाटकात जाहीर झाले. ३ तारखेला संमेलन सुरू झालं. ४ तारखेला महाराष्ट्रातला पहिला रुग्ण डोंबिवलीत निघाला. त्यात अवकाळी पावसाने नाशिकला झोडपलं होतं, त्यामुळे उघड्या मैदानाचा आधारही डळमळीत. त्र्याऐंशी वर्षांचे अध्यक्ष प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. तरीही संमेलन झालं.

पुढचं संमेलन उदगीरला २२ ते २४ एप्रिल २०२२ ला भरलं. तोवर गुढीपाडव्यापासून राज्यातले निर्बंध उठले होते. भारतीय विज्ञान काँग्रेसला मात्र जास्त थांबावं लागलं. जानेवारी २०२० मध्ये बंगळुरूला १०७वं अधिवेशन झालं. १०८वं भरलं ते थेट जानेवारी २०२३ मध्ये, नागपुरात.

रद्द करायचं कधी?

परिषद ढकलायची किंवा रद्द करायची वेळ आली, तर तो निर्णय कोणत्या तारखेला घ्यायचा हे आधीच लिहून ठेवावं लागतं. ऑस्टिनची ‘साउथ बाय साउथवेस्ट एज्यु’ ही शिक्षणविषयक परिषद ९ मार्च २०२० ला सुरू होणार होती. शहर प्रशासनाने ६ मार्चला तिच्यासकट ‘साउथ बाय साउथवेस्ट’ हा सगळा महोत्सव रद्द केला. साथीच्या आजारामुळे झालेलं नुकसान संयोजकांच्या विम्यात बसत नव्हतं. काही दिवसांतच त्यांना जवळजवळ एक तृतीयांश कर्मचारी कमी करावे लागले. याउलट अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने ओमायक्रॉन वाढताना पाहून जानेवारी २०२२ ची सॉल्ट लेक सिटीतली बैठक डिसेंबरमध्येच रद्द केली. कुणालाही विमानतळावरून परत फिरावं लागलं नाही.

आपल्याकडे हाच प्रश्न मांडववाला, केटरर आणि हॉलचं भाडं यांच्या ॲडव्हान्सच्या रूपाने येतो. करार करतानाच लिहून घ्यावं की साथीमुळे कार्यक्रम पुढे गेला तर ॲडव्हान्स पुढच्या तारखेला वळता होईल. प्रतिनिधी शुल्काचा नियम तर याहून महत्त्वाचा. दीड हजार रुपये भरलेल्या, सुट्टी मंजूर करून घेतलेल्या, रेल्वेचं तिकीट काढलेल्या शिक्षिकेला निघायच्या सकाळी घसा खवखवतोय असं जाणवलं, तर ती काय करेल? पैसे बुडणार असतील तर ती गोळी घेऊन गाडीत बसेल. तिला दोष देता येणार नाही. पैसे परत मिळणार असतील, किंवा एका फोनवर तिचं नाव ऑनलाइन यादीत जाऊन तिचा निबंध घरातून वाचता येणार असेल, तर ती घरी थांबेल. संसर्ग रोखण्यात या एका नियमाचा वाटा दारातल्या साऱ्या तपासणीपेक्षा मोठा असू शकतो.

यासाठी ऑनलाइनची वाट खरी हवी, नावापुरती नको. कोपऱ्यात उभा केलेला एक फोन आणि अर्धवट ऐकू येणारं भाषण ही सोय झाली नाही. पडद्यावरच्या श्रोत्यांचे प्रश्न वाचून दाखवायला प्रत्येक दालनात वेगळा स्वयंसेवक असावा. अमेरिकन जिओफिजिकल युनियनने डिसेंबर २०२१ मध्ये न्यू ऑर्लिन्सला लस आणि मास्क बंधनकारक करून प्रत्यक्ष आणि ऑनलाइन अशी दुहेरी परिषद घेतली. लहान मूल असलेल्या, व्हिसा न मिळालेल्या, प्रवासखर्च न परवडणाऱ्या संशोधकांसाठी हे दार साथ नसतानाही उघडं राहायला हवं.

शंभर वर्षांपूर्वीचं शहाणपण

डिसेंबर १९१८ मध्ये, इन्फ्लुएन्झाची साथ ओसरलेली नसताना, अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशनची वार्षिक सभा शिकागोत भरली. साथीवर चर्चा करायला साथीतच जमलेल्या या आरोग्यतज्ज्ञांनी पुढे एक कृतिकार्यक्रम प्रसिद्ध केला. अनावश्यक सभा टाळाव्यात, असं त्यात होतं. ज्या सभा घ्याव्याच लागतील तिथे प्रत्येकाला शक्य तितकी जास्त जागा आणि शक्य तितकी जास्त ताजी हवा मिळावी, आणि मोकाट खोकणं, शिंकणं, जयघोष करणं टाळावं, असंही होतं. विषाणू डोळ्यांना दिसायला अजून बरीच वर्षं होती. तरी जागा, हवा आणि आवाज या तीन गोष्टी त्यांनी बरोबर हेरल्या होत्या.

५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी जुलैमध्ये वातानुकूलन अभियंत्यांच्या ‘ॲशरे’ या संस्थेने इमारतींतल्या हवेतून पसरणारे आजार आटोक्यात ठेवण्यासाठी २४१ क्रमांकाचं नवं मानक आणलं. ते एकट्या कोविडसाठी नाही. आता शिक्षक संघटनांची अधिवेशनं, विद्यापीठांची चर्चासत्रं, विज्ञान परिषदा पुन्हा पूर्वीच्याच सभागृहांत भरतात. फ्लूच्या दिवसांत परिषदेहून परतलेला अर्धा विभाग एकदमच रजेवर जातो, तेही पूर्वीसारखंच.

म्हणून संयोजकांच्या यादीत एक शेवटचं काम लिहून ठेवायला हवं. पसायदान होतं, खुर्च्या उचलल्या जातात, मांडव उतरतो. पण कोणत्या दालनात, कोणत्या टेबलावर कोण होतं याची यादी आठवडाभर जपून ठेवायची. पाचव्या दिवशी सगळ्या प्रतिनिधींना एक निरोप पाठवायचा: प्रकृती कशी आहे, ताप-खोकला असेल तर या नंबरवर कळवा, तुमचं नाव कुणाला सांगितलं जाणार नाही. कुणी कळवलंच, तर त्याच्या टेबलावरच्या पाच जणांना त्याच संध्याकाळी फोन करायचा. त्या पाचांपैकी एखाद्याच्या घरी नव्वदीची आजी असते, आणि तो त्या रात्री तिच्या खोलीत जेवायला बसत नाही.